आपला नंबर आपल्या तोंडाने

सिंगापुरात एक पद्धत आहे. हॉकर सेंटरमध्ये जेवायला गेलं की आधी रिकाम्या टेबलावर टिश्यूपेपरचं पाकीट टाकायचं आणि मग निवांत रांगेत जाऊन उभं राहायचं. ते पाकीट म्हणजे तुम्ही. कोणी त्याला हात लावत नाही.

आत्माराम कांदळगावकरांना ही पद्धत मुळीच मान्य नव्हती. बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते अशाच एका टेबलाशी बसून बिनसाखरेची काळी कॉफी पीत होते. ऑफिसात जाणारी एक चिनी मुलगी नूडल्सचा ट्रे घेऊन आली आणि म्हणाली, "अंकल, माय टेबल." कांदळगावकरांनी टेबलावरचं पाकीट दोन बोटांनी उचलून अदबीने तिच्या ट्रेमध्ये ठेवलं.

"युअर टिश्यू वॉज हिअर," ते म्हणाले. "यू वेअर नॉट."

मुलगी पुटपुटत निघून गेली. मी शेजारीच ट्रे धरून उभी होते. त्यांनी माझ्या कापडी पिशवीवरचं पुण्यातल्या दुकानाचं नाव वाचलं आणि मराठीत सुरू झाले, "माणूस गैरहजर आणि कागद हजर! हे कुठलं शास्त्र? तुम्ही बसा. तुम्ही स्वतः आलाय."

मी बसले. अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट.

त्यांना कांदळगावकर कोणी म्हणत नसे. चिनी शेजाऱ्यांना ते नाव झेपत नसे आणि आपल्या लोकांना तेवढा धीर नसे. बोटीवर चीफ इंजिनिअर म्हणून आयुष्य काढलेलं, म्हणून सगळ्यांसाठी चीफ. ठेंगणे, मानेने जाड, बारा महिने पांढरा शर्ट. शर्टाला दोन खिसे, दोन्ही खिशांना बटणं. डाव्या खिशात शिट्टी, उजव्या खिशात कानातल्या मशीनची डबी. इंजिनरूमच्या आवाजाने कान अर्धे गेले होते. पण त्या मशीनचा खरा उपयोग ऐकण्यापेक्षा न ऐकण्यासाठी जास्त व्हायचा. गणपतीच्या कार्यक्रमात एखादा प्रायोजक माइक हातात घेऊन भावुक व्हायला लागला की चीफ शांतपणे मशीन काढत, डबीत ठेवत, डबी खिशात टाकत आणि बटण लावत. बटण लावलं की संपलं. मग तुम्ही कानाशी ढोल वाजवा.

बायको माझ्या ओळखीच्या आधीच गेली होती, मुलगी कॅनडात. ते त्यांच्याबद्दल बोलत नसत आणि मी विचारत नसे. आमचं त्यामुळे जमलं.

दर जूनमध्ये ते एक दौरा काढत. इथल्या कंपन्यांमध्ये नोकरी करणाऱ्या मुलांचे आईवडील सहा-सहा महिने येऊन राहतात. नातवंडं सांभाळतात, डबे भरतात, लिफ्टमध्ये भेटेल त्याच्याकडे बघून हसतात. कोणाशी मराठीत बोलायचं तर मुलगा घरी यायची वाट बघायची, आणि तो आला की फोनवर असतो. जूनमध्ये शाळांना सुट्टी लागली की या बिनपगारी माणसांनाही सुट्टी मिळे, आणि मुलं त्यांना दहा-बारा दिवसांसाठी चीफच्या हवाली करून मोकळी होत. व्हिएतनाम झालं, लाओस झालं, जपान झालं. चीफ त्यातून स्वतःसाठी काही ठेवत नसत. पण जानेवारीपासूनच त्यांच्या भिंतीवर नकाशा लागे, आणि जूनशिवाय त्यांच्या वर्षाला काही आकार होता असं मला कधी दिसलं नाही.

मी आंग मो किओच्या एका इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात क्वालिटी ऑडिट करते. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा मला पगार मिळतो. चीफना ते कळलं तेव्हा त्यांनी ताबडतोब मला दौऱ्यावर सोबत घेतलं. "पुढे मी, शेवटी तुम्ही. बोटीवर चीफच्या खालोखाल सेकंड असतो. तुम्ही सेकंड." तेव्हापासून मी सेकंड. माझं नाव उज्ज्वला आहे हे त्यांच्या लक्षात असेल की नाही, शंका आहे.

दौऱ्यावर त्यांचा नियम एकच. प्रत्येकाला एक नंबर. बस निघण्याआधी चीफ पायरीवर उभे राहून शिट्टी वाजवत, हनुवटी वर करत, आणि दोनपासून सुरुवात होई. दोन, तीन, चार. प्रत्येकाने आपला नंबर मोठ्याने म्हणायचा. शेवटचा बावीस माझा. तो झाला की चीफ सगळ्यांवरून एकदा नजर फिरवत आणि म्हणत, "एक." तो त्यांचा स्वतःचा. 'एक' म्हटल्याशिवाय बस हलत नसे.

डोकी मोजणं त्यांना नामंजूर होतं. "माकडटोपी घातली की सगळी म्हातारी माणसं सारखी. डोळे फसतात. आपला नंबर आपल्या तोंडाने. बस."

आपली माणसं कुठली ऐकतात! निम्म्यांनी कॉलेजात मित्रांच्या हजेऱ्या लावूनच डिग्र्या मिळवलेल्या. एखादी बाई बाथरूममध्ये असली की शेजारीण तिच्यासाठी ओरडायची, "अकरा! आलीच ती!" चीफ बस थांबवून अकरा नंबर स्वतः येऊन बोलेपर्यंत घड्याळाकडे बघत उभे राहत. पण सगळ्यांत कठीण प्रकरण लेल्यांचं. लेले आठ, सिंधूताई नऊ. लेले एका दमात म्हणायचे, "आठ-नऊ."

"नऊला तोंड नाही का, लेले?"

"अहो, ती माझ्या शेजारीच आहे."

"मी नऊला विचारतोय."

"आमच्यात मीच बोलतो, चीफ. चाळीस वर्षं झाली."

बस हसायची. सिंधूताई पण हसायच्या. चीफ हसायचे नाहीत.

लाओसच्या दौऱ्यात एकदा हे जास्तच झालं. नदीकाठी लेल्यांनी 'आठ-नऊ' म्हटलं आणि सिंधूताई खरंच तिथे नव्हत्या, पलीकडे स्कार्फ बघत होत्या. चीफ असे कडाडले की नावाडी उठून उभा राहिला. लेल्यांचा चेहरा पडला. नंतर चहा पिताना मी म्हटलं, "चीफ, एवढं काय? दहा पावलांवर होत्या त्या."

त्यांनी तोंड पाण्याकडे वळवलं. मग म्हणाले, "मी थर्ड इंजिनिअर होतो तेव्हा. टाकी साफ करायचं काम चाललं होतं. संध्याकाळी हजेरी झाली. सगळे हजर. टाकीचं झाकण लावलं." कपातला चहा त्यांनी हलवला. "सकाळी इंजिनरूमचा एक ऑइलर नाश्त्याला आला नाही."

"पण हजेरी तर झाली होती."

"झाली होती. त्याच्या नावाला आवाज आला होता. कोणीतरी दिला. मागून येतोयच तो, म्हणून."

"कोणी दिला?"

चीफनी कानातलं मशीन काढलं, डबीत ठेवलं, डबी खिशात टाकली आणि बटण लावलं.

पेरूचा दौरा हा मालतीबाईंचा हट्ट. मालतीबाई कराडला शाळेत भूगोल शिकवायच्या. एकाहत्तर वर्षांच्या, काठीसारख्या ताठ. मुलगा अभिजित इथे मोठ्या पदावर, बुकित तिमाहला कॉन्डोमध्ये त्याचं घर. चीफच्या घरी पुढच्या दौऱ्याची चर्चा चालली होती, कोणी बाली म्हणत होतं, कोणी युरोप. मालतीबाई म्हणाल्या, "मी तीस वर्षं मुलांना इंका शिकवले. डोंगराला पायऱ्या कापून शेती करत, पाणी दगडातून फिरवत. फळ्यावर चित्र काढून दाखवायचे. एका पोराने एकदा विचारलं, बाई, तुम्ही बघितलंय का? मी म्हटलं, गप बस. तेवढं एकदा बघायचंय."

पेरू म्हणजे विमानात दोन दिवस. चीफनी नकाशाकडे पाहिलं आणि विचारलं, "जिने चढता?"

मग तीन महिने बेडोकमध्ये जो तमाशा झाला तो अख्ख्या ब्लॉकने पाहिला. रोज सकाळी सात वाजता वीस-पंचवीस म्हातारी माणसं चौदा मजले चढायची आणि लिफ्टने खाली यायची. पाचव्या मजल्यावर हजेरी, दहाव्यावर हजेरी. एका चिनी आजोबांनी टाउन कौन्सिलकडे तक्रार केली, आणि आठवडाभराने तेच आजोबा स्वतः चढायला लागले. ज्याला दहाव्या मजल्यावर आपला नंबर एका श्वासात म्हणता येईना त्याला चीफनी घरी ठेवलं. मालतीबाई चौदाव्या मजल्यावर न धापता म्हणाल्या, "चौदा." म्हणून त्यांना तोच नंबर मिळाला.

अभिजितने आईला सोडताना विमानतळावर चीफना सांगितलं, "काका, आईची जबाबदारी तुमच्यावर." बायका-मुलांसमोर, सगळ्यांना ऐकू जाईल असं. चीफ म्हणाले, "सगळ्यांचीच आहे."

कुस्कोला उतरलो तेव्हा हवा पातळ झालेली कळत होती. सुटकेस उचलली तरी छाती धडधडे. चीफनी पहिल्या दिवशी आंघोळीला बंदी केली, कारण गरम पाण्याने चक्कर येते. त्यावर जे बंड झालं ते विचारू नका. आंघोळीशिवाय चहा कसा घ्यायचा, देवाला हात कसे जोडायचे, एका काकांनी तर मुलाला सिंगापूरला फोन लावला. शेवटी मालतीबाईंनीच शिक्षिकेच्या आवाजात सगळ्यांना गप्प केलं. हॉटेलात कोकाच्या पानांचा चहा दिला. "गवती चहाच की," असं ठरवून बायकांनी तीन-तीन कप घेतले.

दुसऱ्या दिवशी बाजार. तिथे लाल-मरून लोकरीच्या शाली होत्या. एक शाल घेतली तर एक भाव, डझनभर घेतल्या तर दुसरा, आणि हे कळल्यावर आपल्या बायका एकेक शाल घेतील का? अकरा जणींनी एकाच रंगाच्या शाली घेतल्या आणि लगेच अंगावर टाकल्या. मीही घेतली. चीफ बाजाराच्या तोंडाशी उभे होते. आम्ही सगळ्या मरून रंगात बाहेर आलो तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "आता तर देवालासुद्धा ओळखू येणार नाही तुम्ही."

पिसाकला गेलो ती तिसऱ्या दिवसाची दुपार. गाव खाली दरीत, अवशेष वर डोंगराच्या कडेवर. बस वरपर्यंत जाते, मग पायवाटेने फिरायचं. समोरचा अख्खा डोंगर पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांनी कापलेला, मध्ये दगडी भिंती, घरांचे सांगाडे, आणि दगडात कोरलेल्या अरुंद चरातून अजूनही वाहणारं पाणी. वारा बोचरा होता. आमच्यातल्या चौघांचं डोकं ठणकत होतं, एकाला उलटी झाली होती. मालतीबाई त्या पाण्याशी वाकून उभ्या होत्या. त्यांनी त्यात बोट घातलं. "बघा, अजून उतार बरोबर आहे," त्या मला म्हणाल्या.

मी घड्याळ बघत होते. मी नेहमीच घड्याळ बघत असते.

पावणेचारला शिट्टी झाली. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं होतं, आजारी माणसांना लवकर खाली न्यायचं होतं. चीफ पायरीवर, मी मागच्या सीटवर. दोन, तीन, चार. लेले पुढे एका मित्राशेजारी बसून राजकारण बोलत होते. तिथूनच ते म्हणाले, "आठ-नऊ." चीफचं लक्ष नेमकं उलटी झालेल्या काकांकडे होतं. ते लेल्यांना बोलले नाहीत. दहा, अकरा, बारा, तेरा.

मग कोणी काही म्हणालं नाही.

मी वाकून बघितलं. मालतीबाईंच्या खिडकीशी मरून शालीत गुरफटून कोणीतरी झोपलं होतं. डोकं काचेला टेकलेलं, शाल तोंडावरून घेतलेली. दमल्या असतील बिचाऱ्या, उठवून काय मिळणार, आणि तिकडे काका पिशवीत ओकतायत.

मी म्हटलं, "चौदा."

चीफनी मान वर केली. माझा आवाज त्यांना ओळखू येत होता. चार वर्षं दर दौऱ्यात ते तो रोज शेवटी ऐकत होते. सगळ्या सीटवरून त्यांची नजर माझ्यापर्यंत आली आणि थांबली. मी मान हलवली, हो म्हणून.

पंधरा, सोळा, सतरा. बावीस मी म्हटलं. "एक," चीफ म्हणाले. बस निघाली.

तासाभराने दरीतल्या एका विणकामाच्या जागी थांबलो. सगळे उतरायला लागले तेव्हा खिडकीपाशी झोपलेली बाई जागी झाली. शाल तोंडावरून घसरली. त्या सिंधूताई होत्या. डोकं दुखत होतं म्हणून खिडकीच्या सीटवर येऊन पडल्या होत्या. त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि विचारलं, "अगं, मालतीबाई कुठायत? मी त्यांच्या जागेवर बसलेय ना."

उतरलेले परत आत आले. मग चीफ ड्रायव्हरकडे वळले आणि हाताने मागे, डोंगराकडे खूण केली.

बस परत डोंगर चढायला लागली तेव्हा चीफ माझ्या शेजारी येऊन बसले. समोर बघत विचारलं, "सिंधूताई होत्या?"

"हो."

"हं."

एवढंच आम्ही बोललो.

वर पोहोचलो तेव्हा ऊन गेलं होतं. गेटवरच्या रखवालदाराने आणि मक्याची कणसं विकणाऱ्या एका बाईने मालतीबाईंना खाली आणून त्याच्या खोपटात बसवलं होतं. अंगावर तीन घोंगड्या. उजवं मनगट सुजून भलत्याच दिशेला वळलेलं. पाणी कुठून येतं ते बघायला त्या एका भिंतीमागे वर गेल्या होत्या. शिट्टी ऐकली तेव्हा घाईने उतरायला गेल्या आणि पायरीवरून पडल्या. त्यांचा आवाज बसला होता.

"मी म्हटलं होतं हो, चीफ," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "चौदा. तीनदा म्हटलं. मोठ्याने."

चीफनी त्यांचा चांगला हात हातात घेतला. मी त्यांच्या मागे उभी होते.

"ऐकू नाही आलं, बाई," ते म्हणाले. "माझी चूक."

कुस्कोच्या हॉस्पिटलात मनगटाचं ऑपरेशन झालं, पण थंडी छातीत उतरली आणि न्यूमोनिया झाला. पहिले तीन दिवस डॉक्टर काही सांगायला तयार नव्हते. कॉरिडॉरमध्ये मी चीफना म्हटलं, "मी सगळ्यांना सांगते. नंबर मी म्हटला होता."

"आधी त्या बऱ्या होऊ देत."

ते तिथेच राहिले. बाकीच्यांची तिकिटं काढलेली होती, म्हणून त्यांना घेऊन मी पुढे गेले. माचू पिचू पाहिलं. सुंदर आहे. त्याबद्दल याहून जास्त लिहायची माझी इच्छा नाही. मालतीबाईंनी ते पाहिलं नाही. अभिजित येऊन त्यांना सिंगापूरला घेऊन गेला.

जुलैमध्ये त्याने त्याच्या कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये सगळ्यांना बोलावलं. 'काय झालं ते एकदा नीट कळावं' म्हणून. खुर्च्या गोल मांडल्या होत्या, समोसे होते. माझा नवरा शेखर अभिजितच्याच कंपनीत होता, त्याच्याखाली. शेखरच्या एम्प्लॉयमेंट पासचं, म्हणजे इथे नोकरी करायच्या परवान्याचं, नूतनीकरण ऑगस्टमध्ये होतं आणि त्याची शिफारस अभिजितकडून जायची होती. घरून निघताना शेखर मला म्हणाला, "तू काही बोलू नकोस हं. तुझा काय संबंध?" मी त्याला काही सांगितलेलं नव्हतं. त्याने ते सहजच म्हटलं होतं.

चीफ दाराजवळच्या खुर्चीवर बसले. कानात मशीन होतं. मी मुद्दाम पाहिलं.

अभिजित शांतपणे बोलला. तशी माणसं शांतच बोलतात. "आई तीन वेळा ओरडली. तिने नियम पाळला. मग चूक कुठे झाली?"

"मोजणी माझी होती," चीफ म्हणाले. "चुकली."

अभिजितची मुलगी फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली, "आजी शाउटेड व्हॉट. अंकल नेव्हर हिअर, लाह."

कोणी तिला गप्प केलं नाही. उलट मोकळं झाल्यासारखं सगळे बोलायला लागले. या वयात कशाला ही हौस. अहो, फोनवर बोलतानाच समजायचं, अर्धं ऐकू येत नाही. कानात मशीन घालून डोंगरावर माणसं न्यायची म्हणजे काय. ज्या काकांच्या उलटीची पिशवी चीफनी धरली होती, ते म्हणाले, "मला तर बसमध्येच शंका आली होती." लेले खाली बघत होते. ज्याने आयुष्यभर बायकोच्या वतीने तोंड उघडलं त्या माणसाला त्या दिवशी एक शब्द सुचला नाही. सिंधूताईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. त्यांना माहीत होतं की नाही, मला अजून कळलेलं नाही.

चीफनी दोन तास सगळं ऐकून घेतलं. हात एकदाही कानाकडे गेला नाही. मीही दोन तास बसले. समोसा हातात होता, खाल्ला नाही. वेळ नव्हता असं म्हणता येणार नाही. 'नंबर मी म्हटला' हे तीन शब्द बोलायला दोन तास पुरेसे असतात. दुसऱ्यांच्या कारखान्यात मी असल्या चुकांवर लाल शेरा मारते. चूक झाली म्हणून नव्हे, लपवली म्हणून.

शेवटी ठरलं की यापुढे दौऱ्याचं काम चीफकडे नको. आणि कोणीतरी म्हणालं, "उज्ज्वलाताईंनीच बघावं. त्या प्रॅक्टिकल आहेत."

ऑगस्टमध्ये शेखरला पास मिळाला. दोन वर्षांचा.

मालतीबाईंना अभिजितने कराडला पाठवून दिलं. "आई, आता पुरे" असं तो म्हणाल्याचं ऐकलं. त्यांना इथून फोन करायची माझी हिंमत झाली नाही. चीफ दर रविवारी करत, हे मला सिंधूताईंकडून कळलं.

पुढच्या वर्षी दौरा मीच काढला. बालीला. कोणाला चढ नको होता. महिनाभर आधी चीफ माझ्या ब्लॉकखालच्या मोकळ्या बाकांपाशी आले आणि त्यांची फाइल माझ्या हातात दिली. प्लास्टिक चढवलेली यादी, हॉस्पिटलांचे पत्ते, कोणाला कुठलं औषध चालत नाही. सगळं त्यांच्या इंजिनरूमच्या मोठ्या, ठळक अक्षरात. मी म्हटलं, "चीफ, त्या दिवशी मी..."

"आठ-नऊवर लक्ष ठेवा," ते म्हणाले आणि निघून गेले.

बालीला मी डोकी मोजली. फोनमधल्या अ‍ॅपवर प्रत्येकाच्या नावापुढे टिक करायची. कोणाला ओरडावं लागत नाही, सगळे म्हणाले किती सोपं झालंय.

त्या वर्षाअखेरीला चीफनी बेडोकचा फ्लॅट विकला आणि मालवणजवळ बहिणीकडे जायचं ठरवलं. तीस वर्षं या शहरात काढलेल्या माणसाला निरोप द्यायला चांगी विमानतळावर तिघे आलो होतो: लेले, सिंधूताई आणि मी. बाकीच्यांनी ग्रुपवर हात जोडलेले इमोजी पाठवले. सामान फारसं नव्हतं. तोच पांढरा शर्ट, दोन्ही खिसे बटण लावलेले. लेले सारखं म्हणत होते, "येत राहा, चीफ, येत राहा." चीफ मान डोलवत होते. मालवणी ते आमच्याशी कधी बोलत नसत, पण त्या दिवशी "येतंय" म्हणाले आणि पासपोर्ट दाखवून काचेच्या दारापलीकडे गेले.

तिथे थांबले. आमच्याकडे वळले आणि सवयीने हनुवटी वर केली.

लेल्यांच्या तोंडून आपोआप निघालं, "आठ." ते पुढचं म्हणणार एवढ्यात सिंधूताईंनी त्यांचा दंड धरला. "नऊ," त्या म्हणाल्या. मोठ्याने, स्वच्छ.

आता माझी पाळी. माझा नंबर बावीस. चीफ माझ्याकडे बघत होते, बसमध्ये पाहिलं होतं तसंच.

"चौदा," मी म्हटलं.

आजूबाजूची दोन माणसं वळून बघायला लागली, इतक्या जोरात. लेले गोंधळून माझ्याकडे बघत राहिले. चीफ गोंधळले नाहीत. त्यांनी हळूच कानातलं मशीन काढलं, डबीत ठेवलं, डबी उजव्या खिशात टाकली आणि बटण लावलं. मग वळून चालायला लागले.

'एक' काही ते म्हणाले नाहीत.